सुटला एकदाचा?

चीनमधला समलिंगी तरुण न्यूयॉर्कला पोहोचला, की आपल्याकडचे पुरोगामी त्याच्या वतीने सुस्कारा टाकतात : सुटला एकदाचा! एकुलत्या एका लेकाकडून नातवाची आस लावून बसलेलं घर मागे राहिलं, आता तो मोकळा. समजूत सोयीची आहे, पण खरी नाही.

मागे राहिलेला देश म्हणजे निव्वळ काळोख नव्हे. समलिंगी संबंधांवर ज्याच्या आडून कारवाई होई, तो ‘गुंडगिरी’चा गुन्हा चीनने १९९७ साली कायद्यातून काढला. आपलं ३७७ कलम त्यानंतर एकवीस वर्षं टिकलं, तेव्हा उपदेश जरा बेतानेच. पुढे तिथलीही हवा फिरली. शांघाय प्राइड २०२० मध्ये थांबला, बीजिंगचं एलजीबीटी केंद्र २०२३ मध्ये बंद झालं. निघून जाण्याला कारणं आहेत, हे मान्य. आक्षेप ‘सुटला’ या शब्दाला आहे.

अमेरिकेने समलिंगी परदेशी माणसाला १९९० पर्यंत कायद्यानेच दार बंद ठेवलं होतं. नागरिकाला आपल्या समलिंगी जोडीदारासाठी ग्रीन कार्ड मागण्याची सोय तर २०१३ मध्ये झाली. आंग ली यांच्या ‘द वेडिंग बँक्वेट’ या चित्रपटात (१९९३) सायमन या जोडीदाराबरोबर मॅनहॅटनमध्ये संसार करणारा तैवानी वाय-तुंग आईवडिलांच्या समाधानासाठी वेई-वेईशी लग्न लावतो. ती चीनमधून आलेली, तिला ग्रीन कार्ड हवं. दिखाऊ लग्नाने कागद मिळण्याची आशा तरी होती, दोन पुरुषांच्या खऱ्या संसाराला तीही नव्हती. आणि कागद मिळाला तरी डेटिंग ॲपवर ‘नो एशियन्स’ची पाटी असतेच. वंश पाहून माणसं गाळण्याची सोय काढून टाकतो, असं ग्राइंडर या ॲपने जाहीर केलं ते थेट २०२० मध्ये.

सुटकेच्या समजुतीपाठोपाठ येणारा आरोप अधिक कडवा : हे तरुण परदेशात राहूनही आपण समलिंगी असल्याचं आईला सांगत नाहीत, म्हणजे भित्रेच. सगळं मोकळेपणाने सांगून टाकणं हीच धैर्याची एकमेव खूण, हे कुणी ठरवलं? त्याच चित्रपटात बाप सायमनला वाढदिवसाचं म्हणून पैशांचं लाल पाकीट देतो. त्याला सारं कळलेलं असतं. कुणाला सांगू नकोस, एवढंच बजावतो. आईलाही कळलेलं असतं, पण ती ते नवऱ्यापासून लपवते. जाणून न बोलण्याची ही रीत मराठी घरांना नवखी नाही. चिनी समलिंगी मंडळींनी स्वतःसाठी घेतलेलं नावही घरचंच आहे : ‘तोंगझी’, म्हणजे कॉम्रेड, कम्युनिस्ट पक्षाच्या पोथीतून उचललेला शब्द. नववर्षाला आईला फोन लावायचा, शेजारी बसलेल्याला ‘रूममेट’ म्हणायचं आणि तरी त्याच्यासाठी दोन घास जास्त रांधायचे. या दुहेरी हिशेबातूनच त्यांनी परक्या गावात घर केलं आहे. त्याला अर्धवट मुक्ती म्हणून हिणवणाऱ्यांना घर म्हणजे काय तेच कळलेलं नाही.

मात्र त्या मौनाची किंमत कुणीतरी मोजतंच. चित्रपटात वेई-वेईला दिवस जातात. चीनमध्ये तर, नवरा समलिंगी आहे हे न कळताच ज्यांचं लग्न झालं अशा बायकांसाठी ‘तोंगची’ हा वेगळा शब्दच रुळला आहे. चित्रपटाच्या शेवटी विमानतळावर झडतीसाठी बाप दोन्ही हात वर करतो. सायमन, वाय-तुंग आणि पोटुशी वेई-वेई मागे राहतात.