मामा, क्लचचं तेल पाहिलं का?

ऑफिसात सध्या एक साथ पसरली आहे. जुनी बुलेट घ्यायची साथ! नवी कोरी नको, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेकवालीच हवी. ‘गावाकडे कुणाची पडून असेल तर सांग ना यार’ ही फर्माइश मला महिन्यातून दोनदा तरी येते. कारण माझा मामा राहतो फुलसावंगीत (यवतमाळ जिल्हा, महागाव तालुका) आणि त्याच्याकडे 1986 ची बुलेट आहे, अजून रोजच्या वापरात.

गाडी बघायला गेलेले आपले दोस्त टाकीवरच्या सोनेरी रेघा बघतात, क्रोम बघतात, सायलेन्सरचा ठोका ऐकतात. मामा मात्र सरळ गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवा बसतो. तिथे एक मोठं लांबट झाकण असतं. त्याचं नाव प्रायमरी चेनकेस. गॅरेजवाल्यांच्या भाषेत ‘क्लचचं तेल’ ते याच्या आतलं.

फंडा असा आहे. जुन्या बुलेटमध्ये तीन वेगवेगळे संसार आहेत. इंजिनचं तेल वेगळं, गिअरबॉक्सचं वंगण वेगळं आणि या झाकणामागचं तेल वेगळं. इंजिनची ताकद क्लचपर्यंत नेणारी दुहेरी चेन इथे फिरते. क्लच आणि अल्टरनेटरही इथेच. आणि या सगळ्यांना मिळून तेल लागतं अर्ध्या लिटरपेक्षाही कमी.

ही सगळी विलायती पद्धत. रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडमधल्या रेडिचची. 1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. तिकडची कंपनी 1970 मध्ये बंद पडली, पण आपल्याकडे तेच डिझाइन पुढे चाळीसेक वर्षं बनत राहिलं. ट्रायम्फ, बीएसए, नॉर्टन यांच्या जुन्या गाड्यांतही चेनकेस असंच वेगळं. नॉर्टन कमांडोला तर तिथे जेमतेम 200 मिलिलिटर तेल पुरतं, म्हणजे दोन कटिंग चहा!

एवढ्याशा तेलात थोडाही फरक पडला की गाडी बोलते. कमी असेल तर चेन कोरडी फिरते, तापते, ताणली जाते आणि कटकट सुरू होते. पार तुटली तर केस फोडू शकते. जास्त असेल तर क्लचच्या प्लेटा तेलात चिकटतात. मग थंडीत सकाळी गिअर खाडकन पडतो आणि सिग्नलला न्यूट्रल सापडता सापडत नाही. कारचं घर्षण कमी करणारं तेल ओतलं तर क्लच घसरतो. डब्यावर ‘जासो एमए’ लिहिलेलं असलं, की ते ओल्या क्लचला चालतं.

माझ्या एका कलीगने चकाचक पॉलिश केलेली बुलेट घेतली आणि पहिल्याच पावसाळ्यात खंबाटकी घाटात ती बसली. इंजिन ओरडतंय, गाडी हलत नाही, जळका वास. झाकण उघडलं तर तळाशी जेमतेम चमचाभर तेल. प्लेटाही गेल्या, चेनही गेली. पॉलिश मात्र शाबूत!

तपासणं तसं सोपं आहे. गाडी सपाट जागी, मधल्या स्टँडवर, इंजिन थंड. चेनकेसवरचा लेव्हल स्क्रू काढायचा आणि वरच्या भोकातून हळूहळू तेल ओतायचं. खालून थेंब यायला लागले की थांबायचं. जादा तेल गळून गेलं की स्क्रू बंद. झालं.

पण खरी गंमत मामाच्या पुढच्या धड्यात आहे. ‘तेल कमी झालं त घाबराचं नाही पोरी, कुठं चाललं ते पाहाचं. आपोआप वाढलं त मात्र घाबराचं.’ कमी होतंय म्हणजे बहुधा झाकणाचं रबर गेलं. मधला एकुलता नट पिळून ते थांबत नाही, झाकण वाकतं फक्त. पण वाढतंय म्हणजे क्रँकचा सील गेला आणि इंजिनचं तेल इकडे यायला लागलं. तिकडे इंजिन कोरडं पडतंय आणि आपण मजेत हायवेवर!

फुलसावंगी म्हटलं की अनेकांना ऑगस्ट 2021 आठवतो. गावातल्या एका तरुण वेल्डरने स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना फिरतं पातं लागून त्याचा जीव गेला. मामा त्यावर फारसं बोलत नाही. ‘मशीन माफ करत नाही,’ एवढंच म्हणतो आणि स्क्रू ड्रायव्हर मागतो.

आता एक खुलासा. 2010 च्या आसपास बुलेटमध्ये नवं यूसीई इंजिन आलं. त्यात इंजिन, क्लच आणि गिअर यांचं तेल एकच, त्यामुळे हा सगळा व्याप तिथे नाही. पण त्याआधीची घेणार असाल, तर सायलेन्सर वाजवून बघण्याआधी मालकाला विचारा, ‘क्लचचं तेल शेवटचं कधी बघितलं?’ समोरून ‘ते वेगळं असतं का?’ असं आलं, तर प्लेटा आणि चेनचे पैसे वजा करूनच भाव बोला.