शेताच्या हिशेबात चुलीचाही रकाना हवा

अक्षय्य तृतीया झाली की भोर-वेल्हे पट्ट्यात खरिपाची बोलणी सुरू होतात. इंद्रायणी भात किती खाचरांत लावायचा, खत कधी आणायचे, लावणीला माणसे मिळतील का, सोसायटीचे कर्ज कशातून फेडायचे, याचा हिशेब घरोघरी मांडला जातो. भोरजवळचे उत्रोली असो की डोंगरातली एखादी वाडी, बहुतेक खातेदार लहान. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्रच 1.34 हेक्टर आहे. एवढ्यात संसार चालवायचा म्हटल्यावर प्रत्येक गुंठ्याचा विचार करावा लागतो. तरीही या हिशेबात एक रकाना सहसा कोराच राहतो. घरातल्या माणसांनी वर्षभर काय खायचे आणि त्यातले किती आपल्या शेतातून यायचे?

हा प्रश्न शेतकी खात्याचा, डॉक्टरने त्यात का पडावे, असे कोणी विचारेल. कारण त्या कोऱ्या रकान्याचे परिणाम सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत रोज दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54.2 टक्के महिलांना रक्तक्षय असल्याचे आढळले. आधीच्या फेरीत हे प्रमाण 48 टक्के होते. म्हणजे ते वाढले. दम लागतो, चक्कर येते, काम उरकत नाही, अशा तक्रारी घेऊन आलेल्या शेतकरी बाईला ‘काय जेवता?’ विचारले, तर उत्तर ठरलेले असते. भात, आमटीचे पाणी, भाकरी, चटणी आणि दिवसातून चार वेळा चहा. गोठ्यात म्हैस असते, पण दूध सकाळ-संध्याकाळ डेअरीला जाते. कोंबड्या असतात, पण अंडी गिऱ्हाइकाला जातात. दुसरीकडे, आयुष्यभर शेतात राबलेल्या चाळिशी-पन्नाशीच्या पुरुषांत मधुमेह आणि रक्तदाब सापडतो. जेवणाच्या ताटात तीन वाट्या भात आणि एक चमचा भाजी, हे त्यामागचे एक कारण आहे.

रक्तक्षयाला केवळ आहार जबाबदार नसतो. पाळीतला जास्त रक्तस्राव, पोटातले जंत, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता अशी कारणेही असतात. म्हणून रक्त तपासणे आणि सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण घेणे याला पर्याय नाही. पण गोळ्यांचा कोर्स संपल्यावर बाई ज्या ताटाकडे परत जाते, ते ताट तेच राहिले तर पुढच्या वर्षी ती पुन्हा रांगेत दिसते.

मग ताट कसे असावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी त्यात साधारण 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्ये (किंवा त्याऐवजी अंडी, मासे, मांस), 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळे, 35 ग्रॅम तेलबिया-दाणे, 27 ग्रॅम तेल-तूप आणि 300 मिलिलिटर दूध सांगितले आहे. हे आकडे शहरातल्या आहारतज्ज्ञाच्या तक्त्यासारखे वाटतात. पण पाच माणसांच्या घराचा वर्षाचा गुणाकार केला की ते एकदम शेतकऱ्याच्या भाषेत येतात. धान्य साडेचार क्विंटल. डाळी-कडधान्ये दीड क्विंटल. तीळ, जवस, कारळे, भुईमूग मिळून साठ-पासष्ट किलो. भाजी रोज दोन किलो. दूध रोज दीड लिटर. तेल महिन्याला साडेचार लिटर. शेतात कष्ट करणाऱ्याला धान्य याहून जास्त लागेल, लहान मुलाला कमी. तरी अंदाज येतो.

आता आपल्या घराशी ताडून पाहा. धान्याचा आकडा बहुतेक घरे सहज गाठतात, ओलांडतातही. तेल-मीठही ठरल्यापेक्षा जास्तच असते. कमी पडतात ती कडधान्ये, भाज्या, तेलबिया आणि दूध. गंमत म्हणजे यातली एकही वस्तू अशी नाही, जी या मावळपट्ट्यात होत नाही. भात निघाल्यावर खाचरातल्या ओलीवर हरभरा, वाल, पावटा, मसूर येतो. बांधावर तूर येते, शेवगा येतो, हादगा येतो. वरकस जमिनीत नाचणी आणि वरई पूर्वी असायचीच. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमही नसते. घरामागे सांडपाण्यावर अळू आणि केळी वाढतात. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी यांना तर लावायचीही गरज नसते. फक्त बांधावर सरसकट तणनाशक मारायचे थांबवावे लागते.

यावर शेतकरी रोखठोक विचारतात, ‘डॉक्टर, घरच्या वालाने कर्ज फिटते का?’ प्रश्न रास्त आहे. नगदी पीक सोडा, असे कोणी म्हणू नये. पण घरी खाल्लेल्या मालाची किंमत बाजार समितीच्या भावाने लावणे चुकीचे आहे. आपण विकतो तो घाऊक भावाने, आणि तीच डाळ दुकानातून आणतो किरकोळ भावाने. मधली तफावत आपलीच असते. शिवाय डाळ विकतच आणायची ठरली की हात आखडतो. कणगीत कडधान्य असले की ते शिजते, पिशवी आणायची असली की पुढच्या बाजारावर ढकलले जाते. दुधाचेही तसेच. डेअरीला घालायचे ते उरलेले दूध, असा नियम एकदा केला की पगार थोडा कमी होतो, पण मुलांच्या पेल्यात काहीतरी पडते.

हा विचार डॉक्टरांनी शोधलेला नाही. शेतमालाच्या भावासाठी आयुष्यभर लढलेल्या शरद जोशींनी 1991 मध्ये शेगावच्या मेळाव्यात ‘चतुरंग शेती’चा कार्यक्रम मांडला. त्यात व्यापार शेती आणि निर्यात शेती होती, तशीच सीताशेती आणि माजघर शेतीही होती. भावाचा आग्रह धरणाऱ्या माणसानेच बाईच्या हातातल्या शेताला आणि माजघरातल्या प्रक्रियेला मानाची जागा दिली, हे आज विसरले गेले आहे. कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब कसे चांगले जगू शकते, याची मांडणी केली. दहा गुंठे म्हणजे पाव एकर. तेवढे जमले नाही तरी दोन-तीन गुंठे कोणालाही जमतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री मिळाला, तो घेवड्या-वालासारख्या गावठी बियाण्यांच्या जतनासाठी. परसातली बी सांभाळणे हे देशाच्या नोंदीत जाण्याजोगे काम आहे, हे त्यातून दिसले.

शेतातून आलेले चुलीवर नीट शिजले नाही, तर मात्र अर्धे वाया जाते. ‘घरचे जेवण’ हा शब्द उच्चारला की आपण निर्धास्त होतो. पण घरच्या जेवणातही मीठ, तेल आणि साखर बेसुमार असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते माणशी दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ पुरे. पाच जणांना महिन्याला पाऊण किलो. लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही यातच मोजायचे. कडधान्य रात्रभर भिजवून मोड आणले की त्यातले लोह शरीराला अधिक मिळते. पालेभाजी किंवा उसळीवर लिंबू पिळले, बरोबर आवळा घेतला, तर आणखी मिळते. जेवणाला लागून चहा घेतला, तर ते कमी होते. म्हणून चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा. भाजीला लोखंडी कढई वापरावी. भात वाईट नाही. कमी पॉलिशचा घ्यावा, वाढताना ताटात आधी भाजी आणि उसळ घ्यावी, मग भात. मधुमेह असलेल्यांनी त्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘ताजे करा, मोड आणा, पालेभाजी निवडा’ हा सल्ला आम्ही डॉक्टर सहज देतो. त्याचे ओझे पडते ते एकाच व्यक्तीवर. लावणीच्या दिवसांत जी बाई दिवसभर चिखलात वाकलेली असते, तिनेच पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या आणि सगळ्यांचे झाल्यावर तळाशी उरलेले खायचे. या रीतीत कितीही वाल पिकवला तरी तिचे हिमोग्लोबिन वाढणार नाही. म्हणून स्वयंपाकाचा संकल्प हा घराचा संकल्प असला पाहिजे. दळण आणणे, भाजी निवडणे, कडधान्य भिजत घालणे, ओला-सुका कचरा परसबागेत नेणे, ही कामे पुरुषांची आणि मुलांची म्हणून ठरवावीत. आणि पंगत एकच बसावी. सगळ्यांनी एकत्र बसून जेवणे हा संस्कारांचा मुद्दा असेल, पण वैद्यकीय दृष्टीने तो डाळीच्या वाटपाचा मुद्दा आहे.

मोठे संकल्प आठ दिवसांत विरतात. मोजता येतील असे चार-पाचच घ्यावेत. यंदा बांधावर तुरीची एक ओळ आणि घरामागे दोन गुंठे भाजी. भात निघाल्यावर एका खाचरात फक्त घरासाठी कडधान्य. रोज दीड लिटर दूध घरात. महिन्याला तेल साडेचार लिटरच्या आत, मीठ पाऊण किलोच्या आत. आणि वर्षातून एकदा घरातल्या प्रत्येक बाईचे हिमोग्लोबिन, तिशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. हे संकल्प भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावेत आणि लिहिताना स्वयंपाक करणारीला आधी विचारावे. कोणते कडधान्य मुले खातात, कोणते पडून राहते, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

आढाव्याचा दिवसही शेतीच्या वर्षातच आहे. दिवाळीच्या सुमारास भात झोडून घरी येतो आणि किती पोती विकायची, याची चर्चा होते. त्या दिवशी वर्षाच्या खाण्याची पोती आधी बाजूला काढावीत, हरभऱ्या-वालाचे बी वेगळे बांधावे, आणि रक्ताच्या तपासणीचे कागद त्याच हिशेबाच्या वहीत लावावेत. पिकाचा उतारा एकरी किती पडला, हे आपण दरवर्षी पाहतोच. घरातल्या बाईचे हिमोग्लोबिन गेल्या वर्षी नऊ होते ते यंदा अकरा झाले का, हेही त्याच पानावर दिसायला हवे.