डोकेदुखी : गोळ्यांचे दिवस मोजा

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ मिश्र औषधांवर बंदी घातली. दोन किंवा अधिक औषधे ठरावीक प्रमाणात एकत्र करून बनवलेल्या या औषधांत वेदनाशामक गोळ्याही होत्या. ॲसिक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम ही त्यांपैकी एक जोडी. निर्णय योग्यच होता. पण सरकार फार तर गोळीत काय असावे हे ठरवू शकते. ती महिन्यातून किती दिवस पोटात जाते, याची नोंद कुणीच ठेवत नाही. वारंवार डोके दुखणाऱ्यांसाठी तर तीच नोंद सर्वात महत्त्वाची आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, २०२१ मध्ये जगातील सुमारे ४० टक्के लोकांना, म्हणजे ३१० कोटी जणांना, डोकेदुखीचा विकार होता. यातील बहुतेक डोकेदुखी जिवावर बेतणारी नसते. त्यामुळेच ती अंगावर काढली जाते. उलटी झाली की ‘पित्त झालंय’, कपाळ दुखले की ‘सायनस’, असे निदान घरातच होते आणि औषधाच्या दुकानातून गोळी येते. प्रत्यक्षात मळमळ, उलटी, प्रकाश व आवाज नकोसा होणे ही अर्धशिशीची नेहमीची लक्षणे आहेत.

अर्धशिशी किंवा ताणाची डोकेदुखी असलेल्यांनी साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा मिश्र वेदनाशामके आणि अर्धशिशीवरची ट्रिप्टान गटातील औषधे १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर गोळीच डोकेदुखीचे कारण बनू शकते. तिचा परिणाम ओसरला की डोके पुन्हा दुखते, माणूस पुन्हा गोळी घेतो आणि हे चक्र थांबत नाही. गोळ्या बंद केल्यावर सुरुवातीचे काही दिवस त्रास वाढतो. म्हणून हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली करावे. डोकेदुखीचे झटके कमी करणारी प्रतिबंधक औषधेही उपलब्ध आहेत, पण दुकानातून परस्पर गोळी घेणाऱ्यांपर्यंत ती पोहोचतच नाहीत.

काही वेळा मात्र मोजदाद करत बसायला वेळ नसतो. क्षणार्धात असह्य झालेली डोकेदुखी, ताप आणि मान आखडणे, एका बाजूची ताकद जाणे, बोलताना जीभ अडखळणे, झटका येणे, अचानक कमी दिसू लागणे किंवा डोक्याला मार लागल्यानंतर वाढत जाणारे दुखणे, यांपैकी काहीही असेल तर थेट रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर नव्याने उद्भवलेली, तसेच खोकताना किंवा आडवे झाल्यावर वाढणारी डोकेदुखीही विनाविलंब तपासून घ्यावी. पन्नाशीनंतरच्या डोकेदुखीसोबत चावताना जबडा दुखत असेल, तर रक्तवाहिन्यांच्या दाहामुळे दृष्टी जाण्याचा धोका असतो.

बाकीच्यांनी घरातल्या दिनदर्शिकेवर दोन खुणा कराव्यात : डोके दुखले तो दिवस आणि गोळी घेतली तो दिवस. गोळीच्या खुणा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त होऊ लागल्या, की ती दिनदर्शिका घेऊन डॉक्टरांकडे जावे. प्रत्येकाला स्कॅन लागत नाही. पुष्कळदा नीट विचारपूस आणि तपासणीतूनच निदान होते. त्या वेळी या खुणाच डॉक्टरांच्या सर्वाधिक उपयोगी पडतात.