टाकीतले अनोळखी पाहुणे



मागच्या महिन्यात एका रविवारी आम्ही न्यू जर्सीला भाच्याकडे गेलो होतो. त्याच्या घरी खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी आहे. मासे चारच, पण दगडांवर आपोआप उगवलेले जीव मोजता येणार नाहीत एवढे! एका दगडावर शर्टाच्या बटणाएवढ्या तपकिरी फुलांचा गुच्छ पसरला होता. भाचा म्हणाला, "मामा, हे काय आहे कुणास ठाऊक. आज दगड काढून उकळत्या पाण्यात टाकतो, म्हणजे कटकट मिटली." गॅसवर पातेलं चढलंही होतं. आम्ही म्हटलं, "अरे बाबा, थांब. आधी ओळख तरी पटू दे."

हे पाहुणे येतात कुठून? टाकीत ठेवायला 'लाइव्ह रॉक' म्हणून समुद्रातले दगड मिळतात. त्यांच्या भोकांत अंडी, किडे, शेवाळ सगळं लपून येतं आणि महिन्या दोन महिन्यांनी डोकं वर काढतं.

बहुतेक पाहुणे गरीब असतात. काचेवर पांढरे, गोगलगाईसारखे वळलेले बारीक ठिपके दिसले तर ते स्पायरॉर्बिड किडे, अगदी निरुपद्रवी. पाण्यात टुणटुण उड्या मारणारे कण म्हणजे कोपेपॉड, माशांचा आयता खाऊ. रात्री बाहेर पडणारा केसाळ किडा उष्टंखरकटं साफ करतो. मात्र त्याला उघड्या हाताने धरू नका, केस टोचतात आणि आग होते. काचेसारखं पारदर्शक, लांब मिशांचं फूल दिसलं तर ते एप्टेशिया. ते कापायला गेलात तर राहिलेल्या तुकड्यातून नवं उगवतं. पेपरमिंट नावाची कोलंबी त्याला खाते. कोलंबी आपल्या ताटात चालत नाही, पण टाकीत चालते बरं का!

आता भाच्याच्या बटणांविषयी. ही झोअँथिड जातीची दिसत होती. त्यांपैकी पॅलिथोआ नावाच्या काही प्रकारांत पॅलिटॉक्सिन हे फार जहाल विष असतं. हवाई बेटांवरच्या अशाच जीवातून ते वेगळं काढल्याचं शास्त्रज्ञांनी १९७१ साली जाहीर केलं. कुठल्या गुच्छात विष आहे आणि कुठल्यात नाही, हे नुसतं बघून सांगता येत नाही. दगड उकळला किंवा घासला तर विष वाफेतून, तुषारांतून नाकात जातं. अलास्कातील अँकरेज येथे ऑगस्ट २०१४ मध्ये एका गृहस्थाने घरच्या टाकीत असे जिवंत प्रवाळ आणून ठेवले. सात-आठ तासांत तोंडाला कडू, धातूसारखी चव, ताप, खोकला, अशक्तपणा, अंगदुखी! ह्या विषावर खास उतारा नाही. असं काही झालं तर टाकीजवळून उठून मोकळ्या हवेत जा आणि १-८००-२२२-१२२२ ह्या विषबाधा केंद्राच्या नंबरावर ताबडतोब फोन करा. श्वास लागत असेल तर सरळ ९११.

तेव्हा ओळख कशी पटवायची? हात न लावता. रात्री टॉर्च घेऊन बघा, बाजूला नाणं धरून बाहेरूनच फोटो काढा. रंग, आकार, हालचाल, जागा लिहून ठेवा आणि जाणकाराला दाखवा.

आणखी एक. टाकीतलं शेवाळ वा पाणी नदी-नाल्यात, समुद्रात ओतू नका. टाक्यांत शोभेला ठेवतात ते कॉलेर्पा शेवाळ २००० साली सॅन डिएगोजवळच्या एका खाडीत सापडलं. ते नष्ट झाल्याचं जाहीर व्हायला २००६ साल उजाडलं आणि खर्च सत्तर लाख डॉलरांच्या वर गेला.

आपल्याकडे लहानपणापासून ऐकतो ती गोष्ट आठवली. दावीद रहाबींनी कोकणात आपल्या बायकांपुढे मासे ठेवले. त्यांनी पंख आणि खवले बघून चालणारे एकीकडे, न चालणारे दुसरीकडे केले आणि त्यावरून आपली ओळख पटली, असं सांगतात. आधी नीट बघायचं, मग ठरवायचं, ही आपल्या घरातली जुनीच रीत.

भाच्याने गॅस बंद केला. दगड टाकीतच आहे, आणि त्याच पातेल्यात मग आमचा चहा झाला.

पुढच्या अंकी भेटूच. शालोम.