नायकामागच्या नटाचे देणे

रंगभूमीचा इतिहास बहुधा नायकांच्या नावांनी लिहिला जातो. नाटक मात्र दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतील नटांच्या खांद्यावर उभे असते. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात, कल्याणच्या आचार्य अत्रे रंगमंदिरात किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात नेमाने जाणाऱ्या प्रेक्षकास हे सांगावयास नको. अशा चरित्रनटाचे मोल जाणून घ्यायचे, तर निळू फुले यांच्याकडे पाहावे.

पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले निळूभाऊ राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून घडले. ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्याने त्यांना नाव मिळाले आणि १९६८ साली ‘एक गाव बारा भानगडी’ने चित्रपटाचे दार उघडले. १९७२ मध्ये त्यांनी तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर रंगमंचावर उभा केला. १९७५ च्या ‘सामना’तील हिंदुराव सत्ता भोगणारा, तर १९७९ च्या ‘सिंहासन’मधील पत्रकार दिगू टिपणीस सत्तेचा खेळ पाहून कोलमडणारा. नायकाचे रूप नसलेल्या या नटाने महाराष्ट्राला सत्तेचा खरा चेहरा दाखविला. त्यांचा पाटील आरडाओरडा करीत नसे. खालच्या सुरात, गोड बोलून समोरच्याला नमवी. चळवळीत वावरलेल्या माणसालाच ही दहशत इतकी नेमकी ठाऊक असते.

त्याच निळूभाऊंनी डॉ. श्रीराम लागू यांच्यासह अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा उभा केला. पूर्णवेळ कार्यकर्त्याची चूल पेटती राहावी, म्हणून नट राबले. परंतु नटाच्या चुलीचे काय?

छोट्या भूमिका करणाऱ्या नटाचे पोट ‘नाईट’वर चालते. प्रयोग झाला तर पैसे, रद्द झाला तर हात रिकामे. आजारपणाची रजा नाही, म्हातारपणाची तरतूद नाही. २०२० मध्ये करोनामुळे नाट्यगृहांना टाळे लागले, तेव्हा नाईटवर जगणाऱ्यांची मिळकत एका दिवसात थांबली. टाळ्यांत वाटा असलेल्या या श्रमिकाला संकटात मात्र देणगीदारांच्या दयेकडे पाहावे लागले.

यावर कोणी म्हणेल, नाटक हा निर्मात्याचा व्यवसाय. त्यात महापालिकेने का पडावे? पण वरील तिन्ही नाट्यगृहे महापालिकांची, म्हणजे करदात्या नागरिकांची आहेत. प्रत्येक प्रयोगाच्या भाड्यातील अल्पसा हिस्सा पालिकेने बाजूला काढावा, तेवढीच भर निर्मात्याने घालावी आणि त्यातून नाईटवर काम करणारे नट व रंगमंच कामगार यांच्यासाठी कायमचा निधी उभा राहावा. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन महापालिकांनी मनावर घेतले, तर ही गोष्ट अवघड नाही.

१३ जुलै २००९ रोजी निळूभाऊ गेले. त्यांच्या आठवणींचे कार्यक्रम अवश्य व्हावेत. पण ज्या कृतज्ञतेसाठी ते रंगमंचावर उभे राहिले, ती आता नटाच्या वाट्याला येणे हेच त्यांचे खरे स्मारक ठरेल.