चित्रकाराला चहा पुरत नाही

"चार चित्रं तर काढायची आहेत, त्याला कसले पैसे?" बालपुस्तक काढायला निघालेल्या लेखकाच्या तोंडी हे वाक्य आमच्या कळंबात असतं तसंच पुण्या-मुंबईतही असतं. तोच लेखक कागदवाल्याशी, छापखान्याशी, बाइंडरशी रीतसर दर ठरवतो, ॲडव्हान्स मोजतो. चित्रकाराची पाळी आली की व्यवहार संपतो आणि स्नेहसंबंध सुरू होतात. शाळेतले ड्रॉइंगचे सर, भाच्याची मैत्रीण, नाहीतर मोबाइलमधलं एआय. बदल्यात चहा, पुस्तकाच्या पाच प्रती आणि "तुमचंही नाव होईल" हा आशीर्वाद.

याच्या मुळाशी समजूत अशी की पुस्तक शब्दांचं असतं, चित्रं ही वरची सजावट. ही समजूत 'चांदोबा'च्या एका चित्रापुढे टिकत नाही. उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, स्मशानातून चाललेला विक्रम राजा. ते चित्र के. सी. शिवशंकरन ऊर्फ शंकर (१९२४–२०२०) यांचं. मद्रासहून निघणाऱ्या या मासिकाची मराठी आवृत्ती १९५२ साली सुरू झाली. वेताळाच्या त्या गोष्टी लिहिल्या कोणी, हे आज चार वाचकांना विचारून पाहा. चौघेही गप्प बसतील. चित्र मात्र चौघांच्याही डोळ्यांपुढे उभं राहील. आणि शंकर तिथे हौसेखातर चित्रं काढत नव्हते, मासिकाचे पगारी चित्रकार होते.

यावर उत्तर येतं: "ते मोठ्या मासिकाचं झालं, आमची गोष्ट साधी आहे." साधीच घेऊ. गोष्ट तान्हा पोळ्याची आहे. लेखकाने लिहिलं, 'बंटी नंदीला दोरी बांधून निघाला.' कळंबच्या पोराला कळतं की नंदी लाकडाचा आहे, त्याला चाकं आहेत आणि बंटी घरोघरी बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागायला निघालाय. ज्याने तान्हा पोळा पाहिलाच नाही तो जिवंत बैल काढील, आणि गोष्ट तिथेच मेली. गावातलं देऊळ काढायला सांगा. उंच चौथरा, वर चढणाऱ्या पायऱ्या येतील. आपल्या कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला पायऱ्या उतराव्या लागतात, हे न पाहिलेल्याला कसं सुचावं? बंडीचा टांगा होतो, कपाशीच्या पऱ्हाटीच्या जागी हिरवं भातखाचर येतं, पाठीमागे दोन नारळ. लेखकाने शब्दांत जपलेला सगळा मुलूख चित्रात कोकणात जाऊन पडतो. एआयने तर कडीच केली: पहिल्या पानावरचा बंटी तिसऱ्या पानावर दुसराच कोणी निघतो.

म्हणजे ड्रॉइंगचे सरच बरे, असं कोणी म्हणेल. असतीलही. बंडी कशी जुंपतात हे त्यांना ठाऊक आहे, ही मोठीच जमेची बाजू. पण मग त्यांना मोबदला द्या. गावचे आहेत म्हणून फुकट, हे कुठलं गणित? बाहेरचा चित्रकार घ्यायचा तर त्याला फोटो पाठवा. जमलं तर दोन दिवस बोलवा, पोळ्यालाच बोलवा.

दुसरा गट पैसे देतो, पण मालक होऊन देतो. "मी सांगेन तसंच काढायचं." या मंडळींनी लुईस कॅरोलकडे पाहावं. ऑक्सफर्डचा हा गणिताचा शिक्षक. 'ॲलिस'च्या हस्तलिखितात त्याने स्वतःच चित्रं काढली होती. तरीही छापायची वेळ आली तेव्हा त्याने 'पंच' साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार जॉन टेनियल याला पदरचे पैसे देऊन नेमलं. १८६५ साली पुस्तक छापून झालं आणि टेनियल म्हणाला, माझी चित्रं नीट उठलेली नाहीत. कॅरोलने दोन हजारांची ती आवृत्ती मागे घेतली आणि दुसऱ्या छापखान्यातून पुस्तक पुन्हा छापून घेतलं. पुढच्या पुस्तकातला केसांचा टोप घातलेल्या गांधीलमाशीचा प्रसंग टेनियलला पटला नाही, तर कॅरोलने तो प्रसंगच गाळला. लेखक मोठा होता म्हणूनच त्याला हे जमलं, असं मला वाटतं. आपल्याकडे माधुरी पुरंदरे स्वतःच लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात, तेव्हा त्यांचं हे भांडण मनातल्या मनातच मिटत असणार. २०१४ सालचा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. जे चित्र सांगतं ते वाक्याने पुन्हा सांगायचं नाही, हे त्यांच्या पुस्तकांतून कोणत्याही लेखकाने शिकावं. चित्रकार चांगला मिळाला की आपली निम्मी विशेषणं खोडायची तयारी हवी.

आता कराराचं. "आपसातच आहे, कागद कशाला?" कागद यासाठी की १९५७ च्या प्रताधिकार कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या रंगचित्राची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, सांगणाऱ्याकडे जाते. पुस्तकातलं रेखाचित्र त्यात बसतं की नाही यावर दोन वकील रात्रभर भांडू शकतील. भांडण नको तर आधी लिहा. हक्क लेखी दिले पण मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारत. आणि हक्क विकले तरी चित्राखाली नाव असण्याचा आणि चित्राची मोडतोड रोखण्याचा चित्रकाराचा अधिकार कलम ५७ ने त्याच्याकडेच राहतो. म्हणून कागदावर एवढं हवं: चित्रं किती, कच्ची रेखाटनं कधी, रंग भरल्यावर बदल सांगितले तर जादा किती, मूळ चित्रं कोणाकडे राहणार, दुसऱ्या आवृत्तीला काय. नमुन्याचं एक पान काढून घ्याल त्याचेही पैसे. मुखपृष्ठावर नाव.

राहिला पैशाचा मुद्दा, आणि या सगळ्यांत खरा मुद्दा तेवढाच आहे. मराठीत बालपुस्तकाच्या लेखकालाच काही सुटत नाही, तो चित्रकाराला कुठून देणार? खरं आहे. पण मग चित्रांची संख्या कमी करा, दर नको. बत्तीस पानांऐवजी सोळा पानांचा एकच फॉर्म करा. चार रंगांऐवजी काळ्या रेषेत काढून घ्या. चांगल्या रेषेला रंगाची उणीव भासत नाही. आणि तेही परवडत नसेल तर पुस्तकाचा हट्ट सोडून गोष्ट बालभारतीच्या 'किशोर'कडे पाठवा. १९७१ पासून निघतंय ते. तिथे चित्रकार गाठणं हे संपादकाचं काम, आणि कळंबहून पुण्याला पाकीट पाठवायला चहापेक्षा फार जास्त लागत नाही.