वाळकी फांदी

मंडळी, पौषातली पुण्याची सकाळ म्हणजे कानटोपी, मफलर आणि बागेतली दवानं भिजलेली बाकं. मी घरून कालचं वर्तमानपत्र नेतो, बसायला. (वाचण्यासारखं त्यात तसंही फारसं नसतं!)

आमच्या कोथरूडच्या बागेत कोपऱ्यात एक गुलमोहर आहे. त्याची एक मोठी फांदी पार वाळलेली. परवा पहिलं ऊन त्या फांदीवर आलं आणि बघतो तर शेंड्याला तीन तांबट, पिसं फुगवून, उन्हाकडे छाती करून बसलेले. चिमणीएवढा जीव, पण कपाळ लाल, गळा पिवळा, पाठ हिरवीगार. पंधरा मिनिटं हलले नाहीत. समोर बाकावर आम्ही चार म्हातारे. दोन्हीकडे कार्यक्रम एकच!

लहानपणी कसबा पेठेत तांबट आळीतून जाताना भांड्यांवरची ठोक ऐकायचो. या पक्ष्याचं टुक् टुक् थेट तसंच, म्हणून तर हे नाव. थंडीत स्वारी जरा गप्प असते. ऊन तापू लागलं की दिवसभर ठोक चालू.

आता लाजिरवाणी गोष्ट. ती फांदी तोडावी असा अर्ज दिवाळीनंतर मीच लिहिला होता. अक्षर बरं, शुद्धलेखन पक्कं, म्हणून ही कामं माझ्याकडे येतात. 'बागेच्या शोभेस बाधा येते' हे वाक्य माझंच. ११ सह्या झाल्या. शहरात झाड तोडायला परवानगी लागते, १९७५ सालापासून तसा कायदा आहे. पण 'वाळलेलं' म्हटलं की हरकत घ्यायला कुणी पुढे येत नाही. मीही आलो नसतो.

परवा मात्र फांदीच्या खालच्या अंगाला भोक दिसलं. गोल, परकारानं आखल्यासारखं. तांबट वाळून मऊ पडलेलं लाकूड कोरतो, रात्री त्यात झोपतो, अंडीही तिथेच घालतो. दयाळाला तर कोरताही येत नाही, तो आयती ढोली शोधतो. 'झाडे लावा' यावर आयुष्यभर निबंध लिहून घेतले, वाळलेलं झाड कुणाच्या कामी येतं हे एकाही वर्गाला विचारलं नाही.

पाळण्यांवर, पायवाटेवर लोंबणारी वाळकी फांदी तोडलीच पाहिजे, त्यात भावनेचा प्रश्न नाही. पण या फांदीखाली एक बाक सोडला तर काही नाही. बाक दहा पावलं सरकवा, काम भागतं. शोभेसाठी मात्र कुणाचं घर पाडू नये.

घरी सांगितलं तर ही म्हणाली, "अर्ज करण्याआधी एकदा मान वर करून बघायचंत!"

असो. नवा अर्ज तयार आहे, पहिला मागे घेण्याचा. आठ सह्या झाल्या. एक मित्र अडून बसलाय. तो बाक त्याचा, सरकवला तर म्हणे सकाळचं ऊन जाईल. उद्या सात वाजता त्याला समोरच्या बाकावर आणून बसवणार आहे. वर्तमानपत्र दोघांपुरतं नेईन.